जपानी रयोकानमध्ये आई आणि सासूबाई दोघींना न्यायचंय, अनुभव सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही दीड वर्षापासून योकोहामाला आहोत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी आई (६३) आणि सासूबाई (६७) दोघी पहिल्यांदाच इकडे येतायत. एक रात्र तरी गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावात, रयोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी मुक्कामाच्या घरात राहायचं असं माझ्या मनात आहे. हाकोने की किनोसाकी, हे अजून ठरत नाही.

अडचणी सांगते. सासूबाई पंढरीच्या माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण मासे-मटण-अंडं काही नाही, आणि गळ्यातली तुळशीची माळ त्या आंघोळीलाही काढत नाहीत. दोन्ही हातांवर गोंदण आहे, कोपरापर्यंत. गुडघे दुखतात. आई मालवणची, तिला खाण्यापिण्याचा काही प्रश्न नाही, उलट तिथले मासे कसे असतात हे ती रोज फोनवर विचारते.

आणि मुख्य प्रश्न आंघोळीचा. ओन्सेनमध्ये (झऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात) अंगावर काहीही न ठेवता सगळ्या बायका एकत्र उतरतात, हे दोघींना अजून सांगितलेलं नाही. खरं सांगायचं तर माझाच जीव जास्त धास्तावलाय. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासूबाईंसमोर मी अजून गाऊनवर बसत नाही. त्यांच्यासोबत एका हौदात कशी उतरणार? ज्यांनी घरच्या मोठ्या माणसांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निशिकासाईकर

आधी व्यवहाराचं सांगतो. रयोकानचा दर खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण नि सकाळची न्याहारी धरलेली असते. आम्ही गेल्या वर्षी माणशी २२ हजार येन दिले. वर स्नानकर, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन.

दुपारी तीन-चारला पोचा. रात्रीचं जेवण साडेसहाच्या आसपास असतं आणि ते एकेक पदार्थ करून येतं, त्यामुळे "येतो आठपर्यंत" असं इथे चालत नाही. हॉटेलात आपण फिरून दमून झोपायला जातो. रयोकानमध्ये राहणं हाच दिवसाचा कार्यक्रम असतो. गेल्या गेल्या खोलीत चहा आणि एखादी गोड वडी ठेवलेली असते. ती खाऊनच आंघोळीला जा, रिकाम्या पोटी गरम पाण्यात चक्कर येते. तुम्ही जेवायला गेलात की मागून कोणीतरी येऊन तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) गाद्या घालून जातं.

आंघोळीची रीत अशी: निळ्या पडद्याआड पुरुष, लाल पडद्याआड बायका. काही ठिकाणी रात्रीतून पडदे बदलतात, म्हणून सकाळी पुन्हा बघून शिरा. कपडे टोपलीत. आत बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, फेस पूर्ण धुवायचा, आणि मगच कुंडात उतरायचं. कुंड अंग धुवायला नसतं, शेकायला असतं. केस वर बांधायचे. हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही.

खडीसाखर

हाकोनेला गेलो होतो. तोक्योतल्या शिंजुकूहून रोमान्सकार या जलद गाडीने दीड तासाच्या आत हाकोने-युमोतो. तुमच्याबरोबर दोन वयस्क बायका आहेत तर हेच सोपं पडेल.

गवतीचहा

रानजाई, जेवणाकडे आत्ताच लक्ष दे, माझा अनुभव वाईट आहे. आम्ही "शाकाहारी" असं लिहून कळवलं होतं. मांस नव्हतं, मासा नव्हता, पण गरम टोफूवर पातळ तपकिरी पापुद्रे हलत होते. त्या वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाच्या चकत्या. सूप त्याचंच, भाजी शिजवलेली त्याच्याच पाण्यात. माझे वडील हात जोडून उठले आणि नुसता भात-लोणचं जेवले. वाढणाऱ्या बाईंचे डोळे पाणावले, त्यांचीही चूक नव्हती. त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच, चव आहे. आपण नाही का हिंग "घातलाय" म्हणत, "हिंगाची भाजी" म्हणत नाही, तसं.

त्या पाण्याला दाशी म्हणतात. जपानी स्वयंपाकात ते आपल्या फोडणीइतकं सगळीकडे असतं. म्हणून "मासे नकोत" एवढं पुरत नाही. "कात्सुओ-दाशी पण नको, कोंबूची दाशी चालेल" असं स्पष्ट लिहायचं. कोंबू म्हणजे समुद्रातली शेवाळाची जाड पट्टी. आणि तेम्पुराच्या (भज्यांसारख्या तळणाच्या) पिठात अंडं असतं, तेही सांग. जिथून "जमणार नाही" असं उत्तर येईल त्यांचे आभार मान, ते प्रामाणिक आहेत.

भटकभवानी

गवतीचहाला पूर्ण अनुमोदन. माळकरी माणसासाठी मी तर सरळ कोयासान सुचवेन. कुकाई या साधूने ८१६ साली वसवलेलं डोंगरावरचं मठांचं गाव. पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे. जेवण शोजिन रयोरी: मासे-अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू नि शिताके मशरूमची. तिळाचा टोफू तर तिथलाच. पहाटे देवळातली प्रार्थना ऐकायला मिळते, तुझ्या सासूबाईंना काकड्याची आठवण येईल. फक्त तिथल्या बहुतेक मठांतलं न्हाणीघर साध्या पाण्याचं आहे, झऱ्याचं नाही.

दुसरा पर्याय बेप्पूचा, कान्नावा भाग. जमिनीतून वाफ येते आणि तिच्यावर भांडं ठेवून लोक भाज्या, रताळी, मका शिजवतात. तिथल्या काही साध्या मुक्कामाच्या जागांमध्ये अशा वाफेच्या चुली पाहुण्यांना वापरता येतात. स्वतः शिजवा, स्वतः जेवा. मी तिथे वाफेवर भोपळा शिजवून वर घरून नेलेलं तिखट-मीठ घातलं होतं. पण योकोहामाहून लांब पडेल.

उंबरठा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. हौस तुमची आहे, त्यांची नाही. सत्तरीकडे आलेल्या बाईला परक्या देशात, परक्या बायकांमध्ये, सुनेसमोर कपडे उतरवायला लावणं मला पटत नाही. त्या तुमच्या शब्दाखातर "हो" म्हणतील आणि आतून संकोचून जातील. खोलीलाच जोडलेलं कुंड असलेलं रयोकान घ्या, किंवा काशिकिरी, म्हणजे तास-पाऊण तास फक्त आपल्यासाठी राखून मिळणारं कुंड. एकेकीने जाऊन यावं. पैसे जास्त जातील, पण मान राहील.

शेवगा

उंबरठा, तुमचा मुद्दा समजला, पण त्यांना संकोच वाटेलच असं आपण का धरून चालायचं? माझी आजी, तिच्या जावा, शेजारच्या बायका, सगळ्या कृष्णेच्या घाटावर एकत्र आंघोळ करत. एकमेकींच्या पाठी चोळत. दार लावून आंघोळ ही आपली, फ्लॅटमधल्यांची सवय.

उंबरठा

शेवगा, घाटावर त्या लुगड्यासकट आंघोळ करत आणि ओल्यावर कोरडं नेसत, एक इंच न दिसता. मी स्वतः पाहिलंय. वज्रेश्वरीच्या, गणेशपुरीच्या कुंडांतही बायका अंगभर कपड्यांतच उतरतात. त्यामुळे ती तुलना इथे लागू नाही.

शेवगा

हे मात्र खरं. लुगडं विसरलो.

तीनफुली

रानजाई, चष्मा आहे का तुला? असेल तर प्रश्न मिटला. चष्मा बाहेर टोपलीत, आत वाफ. मला माझी सख्खी बहीण ओळखू आली नव्हती, मी दुसऱ्याच बाईला "साबण दे गं" म्हटलं. तिने दिला!

आजोळ

अवांतर: वज्रेश्वरीचा विषय निघालाच आहे तर. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे, जळगावकडचं उनपदेव. सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं आणि सगळ्यांत 'ऊन'. आणि जपानी शब्द ओन्सेन: 'ओन' म्हणजे उबदार, 'सेन' म्हणजे झरा. मला हे कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही.

भटकभवानी

आजोळ, योगायोग सुंदर आहे, पण योगायोगच. आपलं ऊन संस्कृतातल्या 'उष्ण'वरून आलं, त्यांचं 'ओन' चिनीतून. पाण्याची जातही वेगळी. जपानात पुष्कळ ठिकाणी ज्वालामुखीची धग खाली आहे. आपल्या कोकणात पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं आणि तिथे तापून वर येतं.

आजोळ

पटलं. तरी माझ्या मनात ते एकच गोत्र राहणार.

निशिकासाईकर

एक भर. जपानी कायद्याप्रमाणे (१९४८) ओन्सेन म्हणायला पाणी गरमच असावं लागत नाही. उगमाशी किमान २५ अंश सेल्सिअस असलं, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असलं, तरी चालतं. त्यामुळे गावागणिक पाणी निराळं. कुसात्सूचं इतकं आंबट की डोळ्यांत गेलं तर झोंबतं. आरिमाचं लोखंडामुळे गंजासारखं तांबूस.

आता गोंदणाबद्दल, कारण ते कोणीच लिहिलं नाही. बऱ्याच ठिकाणी गोंदलेल्या माणसाला प्रवेश नसतो. मूळ कारण याकुझा या गुन्हेगारी टोळ्या, त्यांच्या पाठभर चित्रं असत. म्हाताऱ्या बाईच्या हातावरची तुळस-वृंदावन बघून कोणी टोळी समजणार नाही, पण नियम म्हणून अडवू शकतात. लहान असेल तर चिकटपट्टी लावून जाता येतं. कोपरापर्यंत असेल तर पट्टी पुरणार नाही. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांमध्ये मात्र गोंदणाला आडकाठी नाही. त्यामुळे माझं मत किनोसाकीला.

खडीसाखर

चांदीचे दागिने काढून ठेवा! हाकोनेच्या गंधकाच्या पाण्यात माझी जोडवी काळीठिक्कर पडली. सोन्याला काही झालं नाही.

काढा

मी फिजिशियन आहे म्हणून चार ओळी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पाणी ४१-४२ अंशांचं असतं, पहिल्यांदा चार-पाच मिनिटं पुरे. आधी पायांवर, मग हातांवर पाणी घ्यायचं, मग हळूहळू उतरायचं. एकदम उठायचं नाही, कठडा धरून उठायचं. मागेपुढे पाणी प्यायचं. नोव्हेंबरात बाहेर थंडी आणि आत कढत पाणी, हा फरकच त्रास देतो. गुडघ्यांना शेक बरा वाटेल, पण ओल्या फरशीवर दोघींनाही एकटं सोडू नका. खोली घेताना पलंग असलेली मागा, आणि जेवण खुर्ची-टेबलावर मिळतं का तेही विचारा. तातामीवर तासभर मांडी घालणं त्या गुडघ्यांना झेपणार नाही.

गवतीचहा

आणि युकाता (रयोकानमध्ये मिळणारा सुती झगा) नेसताना आधी उजवी बाजू अंगाशी, डावी वरून. उलटं फक्त मृताला नेसवतात. सासूबाईंना हे कारण सांगू नकोस, नुसतं नेसव.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला आणि शेवटी सासूबाईंना फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिथं गेल्यावर बघू. तू आत्तापासून कशाला घोर लावून घेतेस?" किनोसाकी ठरवतेय. सात रयोकानना लिहिलं, पाचांनी नम्रपणे नाही म्हटलं, एकाचं उत्तरच नाही, एकाने कोंबूची दाशी करतो म्हणून कळवलं. खोलीत पलंग आहेत. तासभराचं काशिकिरी कुंडही राखून ठेवलंय.

तीनफुली

आल्यावर वृत्तांत पाहिजेच. आईंच्या खेकड्यांसकट. तिकडे नोव्हेंबर म्हणजे खेकड्यांच्या मोसमाची सुरुवात!

रानजाई

धागा वर काढतेय. कालच दोघींना विमानतळावर सोडून आले, घर रिकामं वाटतंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

योकोहामा ते क्योतो शिंकान्सेन, तिथून किनोसाकीची गाडी, साधारण अडीच तास. गावातून छोटा ओढा वाहतो, दोन्ही काठांना विलोची झाडं, दगडी पूल. सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी वेगळी. गावात मुक्काम असला की सगळीकडे फुकट प्रवेश. तिथले लोक म्हणतात की सगळं गाव मिळून एक घर: स्टेशन हे दार, रस्ते म्हणजे व्हरांडे, रयोकान म्हणजे खोल्या आणि ही स्नानगृहं म्हणजे न्हाणीघर. म्हणूनच लोक युकाता घालून, लाकडी गेता (खडावा) वाजवत बिनधास्त रस्त्यावर फिरतात. सासूबाईंना गेता जमले नाहीत, त्यांनी मोज्यांवर आपल्या चपला घातल्या. कोणी काही म्हटलं नाही.

जेवणाचं आधी सांगते. सासूबाईंसमोर आलं ते उकळत्या कोंबूच्या पाण्यातलं टोफू, तिळाच्या वाटणातला पालक, कमळकाकडीचा बिनअंड्याचा तेम्पुरा, मशरूम घातलेला भात, लोणची. वाढणाऱ्या बाई प्रत्येक ताटलीबरोबर गुडघ्यांवर बसून फोनवर भाषांतर दाखवत होत्या: यात मासा नाही. चौथ्या ताटलीला सासूबाई मला म्हणाल्या, "तिला सांग, विश्वास आहे म्हणावं." मी सांगितलं. गवतीचहा, तुझ्यामुळे हे जमलं.

आईचा खेकडा! पायाला निळा बिल्ला, जवळच्या त्सुइयामा बंदरात उतरल्याची खूण. आधी नुसता उकडलेला आला. आई म्हणाली, "मसाला खंय?" मग एक तंगडी कात्रीने कापून खाल्ली आणि गप्प झाली. नंतर कात्री बाजूला ठेवून घरच्यासारखी दातांनी फोडायला लागली. कवचातला गर निखाऱ्यावर गरम करून दिला, तो तिने चमच्याने खरवडून संपवला. "आमच्या कुर्ल्यांपेक्षा गोड आसा, पण ह्यां कोणाक सांगू नको," असं म्हणाली. सांगतेय, आई. माफ कर.

आता आंघोळ. संध्याकाळी काशिकिरी कुंडात आधी मी आणि आई गेलो. मग सासूबाईंची पाळी. मी दाराशी थांबते म्हटलं, पण काढा यांचं "एकटं सोडू नका" मनात होतं. सासूबाईंनीच आतून हाक मारली, "अगं ये की, पाय घसरतोय इथं." गेले. चष्मा बाहेर. त्या स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या होत्या, गळ्यात फक्त माळ. मी काही न बोलता त्यांची पाठ चोळली. खांद्याखाली भाजल्याची एक जुनी खूण आहे, मला माहीतच नव्हती. त्यांनी सांगितलं, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तेलाची कढई सांडली होती, आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं, त्यांच्या सासूबाई रागावतील म्हणून. माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. इथे लिहिते आहे कारण त्यांना विचारलंय, त्या "लिही" म्हणाल्या.

त्यानंतर संकोच कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या आवरून तयार. काकड्याची सवय. स्नानगृह सातला उघडणार. आम्ही तिघी कोउनोयूला गेलो, ते गावाच्या पार टोकाला. जखमी करकोच्याने तिथल्या पाण्यात पाय शेकून बरा करून घेतला आणि त्यावरून झरा सापडला, अशी कथा आहे. पाणी स्वच्छ, वास नाही, ओठांना किंचित खारट लागतं. (खडीसाखर, जोडवी शाबूत.)

आत गावातल्या दोन आज्या होत्या. सासूबाईंना पंचाचं काय करायचं कळेना, पाण्यात बुडवायचा नाही एवढं मी सांगितलं होतं. एका आजीने आपला पंचा चौकोनी घडी करून डोक्यावर ठेवला आणि खूण केली. सासूबाईंनी तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बरं आहे. पदर घेतल्यासारखं वाटतंय." आजी त्यांच्या हातावरचं गोंदण बघत होत्या. सासूबाईंनी पाण्यातून हात वर काढून एकेक दाखवलं: ही तुळस, ही गाय, ही माझी आई म्हणून काढलेली बाई. सगळं मराठीत. आजींनी प्रत्येकाला "हो, हो" अशी मान हलवली.

उंबरठा

वाचलं. पंचाचं वाचून थांबले आणि पुन्हा वाचलं. माझा अंदाज चुकला याचा आनंद आहे. पण त्यांना आधी खरं सांगितलंत आणि कुंड राखून ठेवलंत, ते फार योग्य केलंत. काहीच न सांगता नेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मला अजूनही वाटतं.

रानजाई

उंबरठा, शंभर टक्के. तुमच्यामुळेच फोन केला होता.

निशिकासाईकर

रानजाई, सातच्या ठोक्याला गेलात म्हणजे पहिला नंबर होता का? तिथे उघडताना पहिलं शिरणाऱ्याला लाकडी बिल्ला देतात, पुरुषांत एक, बायकांत एक. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा कोणीतरी आधीच दारात उभं.

रानजाई

अगं बाई, ते लिहायचंच राहिलं! हो, मिळाला. सासूबाईंना. दारात आम्ही पावणेसातपासून उभ्या होतो. त्यांना वाटलं परत करायचा असतो, म्हणून आंघोळभर कपड्यांच्या टोपलीत सांभाळून ठेवला आणि निघताना काउंटरवर द्यायला गेल्या. तिथल्या माणसाने दोन्ही हातांनी परत केला. आज सकाळी सोलापूरहून फोटो आलाय: देवघरात विठोबाच्या शेजारी उभा करून ठेवलाय, वर बुक्का लावून.

आजोळ

फोटो टाका की इथे!

रानजाई

विचारते त्यांना, आणि हो म्हणाल्या तर रात्री टाकते.